अकरा भोकांचं बिस्किट

चष्मेवाल्याने बायकोला दोन दिवस डोंगरात फिरायला न्यायचं ठरवलं, तेव्हा तिने आधी विचारलं, "काय झालंय?"

लग्नाला चोवीस वर्षं झालेला नवरा खिडकीतून दरी दिसणारी खोली स्वतःहून राखून ठेवतो, तेव्हा शहाणी बाई दुसरं काय विचारणार?

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. "प्रेम."

तिचा संशय पक्का झाला.

त्याचं शहरात चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं त्याला डॉक्टर म्हणत, आणि ती चूक त्याने आजवर एकदाही दुरुस्त केली नव्हती. बायको बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होती. बावीस वर्षं डोक्याला पांढरी टोपी घालून सरकत्या पट्ट्यासमोर उभी. करपलेलं बाजूला, तुटलेलं बाजूला, वाकडं बाजूला. ही नजर कारखान्याच्या फाटकावर ठेवून येता येत नाही. कुणाच्या लग्नात ती नवरदेवाकडे जरा जास्त वेळ बघायला लागली, की नवरा तिला कोपराने ढोसायचा.

कारखान्यातून दर महिन्याला दोन पुडे घरी यायचे. चष्मेवाला ते दारात आलेल्या पहिल्या माणसाला देऊन मोकळा व्हायचा. "नुसता पुठ्ठा! यंत्राच्या पोटातून आलेल्या वस्तूला चव कुठून येणार? माणसाचा हात लागावा लागतो." ती यावर काही बोलायची नाही. बोलायची नाही म्हणजे विसरायची, असं मात्र नाही.

डोंगरातलं ते घर एका बाईंचं होतं. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना मावशी म्हणायचा. चार खोल्या भाड्याने द्यायच्या, न्याहारी द्यायची आणि संध्याकाळच्या चहाबरोबर हातची बिस्किटं. महिन्यापूर्वी डोळे तपासण्याच्या शिबिरासाठी चष्मेवाला तिथे एक मुक्काम करून आला होता, आणि तेव्हापासून घरात त्या बिस्किटांशिवाय विषय नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं तिथल्या व्हरांड्यात बसले. मावशींनी चहा आणि झाकलेली बशी आणून ठेवली. झाकण काढताच लोण्याचा वास सुटला. चष्मेवाल्याने डोळे मिटले. वाचायचा चष्मा त्याने मुद्दाम घरी ठेवला होता, निसर्गात बारीक अक्षरं कशाला हवीत म्हणून.

"आधी खा," तो म्हणाला, "मग बोलतो."

दुसरं बिस्किट संपल्यावर तो बोलला. शेजारचं घर विकायचं होतं. मालक रविवारी दुपारी कागद घेऊन येणार होता. "मी दुकान काढून टाकतो, तू नोकरी सोड. मावशींसारखंच चालवू. चार खोल्या, दरी, मातीची भांडी आणि तुझ्या हातची बिस्किटं."

"माझ्या?"

"मग काय माझ्या? बावीस वर्षं त्याच धंद्यात आहेस ना?"

"अहो, मी बिस्किटं करत नाही. टाकून देते."

"शिकशील. इसार मी देतो, तू फक्त सही कर. राहतं घर विकावं लागेल आणि ते दोघांच्या नावावर आहे, म्हणून."

असं होतं ते प्रेम. तिची नोकरी, तिचं घर, कारखान्यातल्या दुपारच्या सुट्टीतल्या तिच्या मैत्रिणी, सगळं रविवारी दुपारी एका सहीत जाणार होतं. ती काही म्हणणार, तेवढ्यात त्याने तिसरं बिस्किट तिच्या नाकासमोर धरलं.

"हा फुगवटा बघ! मधोमध कसा गालासारखा आलाय. तुमच्या यंत्राला सात जन्मांत जमेल का? याला म्हणतात हात."

तिने बिस्किट घेतलं आणि सवयीने उलटं केलं. मग सुलटं केलं. मग भोकं मोजली.

अकरा होती. बारा हवी होती. दुसऱ्या ओळीतलं तिसरं भोक नव्हतं.

तिला हे बिस्किट ओळखीचं होतं. रोलरवर साठ साचे असतात, त्यातल्या एकाची एक पिन तीन महिन्यांपूर्वी मोडली होती. भोक पडत नाही म्हणून वाफ अडकते, वाफ अडकते म्हणून बिस्किट फुगतं. साठातलं एक. ते एक ती स्वतःच्या हाताने उचलून बाजूला टाकत होती आणि दुरुस्ती खात्याकडे लेखी तक्रारी करत होती. तीन झाल्या होत्या. बाजूला काढलेला माल कारखान्याच्या फाटकावर पिशव्या भरून स्वस्तात जायचा.

"काय, आहे की नाही?" चष्मेवाला म्हणाला.

"आहे खरं," ती म्हणाली.

तिने लगेच का नाही सांगितलं? एक म्हणजे, सांगितलं असतं तर हा माणूस सहा महिने तोंड पाडून बसला असता आणि दोष तिचाच ठरला असता. दुसरं कारण ती कुणाजवळ कबूल करणार नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या कारखान्याचं बिस्किट डोळे मिटून खात होता. आणखी थोडं ऐकायला काय हरकत होती?

तिने ऐकलं. शुक्रवारी त्याने पाच खाल्ली. शनिवारी सकाळी चार, आणि वर म्हणाला, "यात मावशींचा स्वभाव उतरलाय."

त्यानंतर तो तिला गावच्या बाजारात घेऊन गेला. तिथे सगळं हाताने केलेलं मिळायचं, निदान विकणारे तसं सांगायचे. त्याने पाण्यासाठी मातीचा एक बुधला घेतला.

"याचं बूड टेकत नाही," ती म्हणाली.

"तेच तर! टेकतात ती कारखान्यातली."

मग लाकडी डाव घेतला, ज्यातून आमटीच काय, चिखलसुद्धा खाली सांडला असता. लोकरीची टोपी घेतली. ती त्याच्या कानांवर चढेना तेव्हा विणणाऱ्या बाई म्हणाल्या, "घालता घालता सैल होईल." "काय, डोकं?" तपासनीसबाईंनी विचारलं. परत येऊन बुधल्यात पाणी भरलं, तर टेबलावर थारोळं. चष्मेवाला म्हणाला, "माती श्वास घेते." बायको फडकं घेऊन आली.

दुपारी तो पाय पसरून झोपला आणि ती थेट स्वयंपाकघरात गेली. मावशी ओट्याशी उभ्या होत्या. समोर पारदर्शक पिशवी. एकेक बिस्किट काढून त्या त्यावर कुंचल्याने पातळ लोणी फिरवत होत्या. पिशवी लपवायला वेळ मिळाला नाही, म्हणून त्या पिशवीसमोर उभ्या राहिल्या.

"राहू द्या मावशी. ती पिशवी मीच भरवलीय."

मावशी खुर्चीत बसल्या. "म्हणजे तुम्ही त्या... अगं बाई! डॉक्टर म्हणाले होते बायको नोकरी करते, कुठे ते नाही बोलले."

"कुठे ते सांगायला त्यांना लाज वाटते."

"ताई, पहिली पाच वर्षं मी खरंच करायची हो. मग मनगट मोडलं. आठवडाभर दुकानातली दिली, जरा गरम करून, लोणी लावून. एकाही पाहुण्याने ओळखली नाहीत. उलट म्हणाले, या खेपेला फारच छान झालीत! त्या दिवशी माझी इच्छाच मेली. आता भाची तुमच्या फाटकावरून आणून देते. ही फुगलेली आल्यापासून तर लोक फोटो काढतात. सांगणार आहात का डॉक्टरांना?"

"ते डॉक्टर नाहीत."

"मग तुमच्याही घरात नकली माल आहेच की!"

दोघी हसल्या आणि त्यामुळे बरीच सोय झाली. तपासनीसबाईंनी शेजारच्या घराचं सांगितलं. मावशींचा चेहरा उतरला. दरी एकच, पाहुणे तेवढेच. तेव्हा दोघींचं ठरलं. चष्मेवाल्याला सांगायचं काही नाही, रविवारी सकाळी त्याच्याकडूनच बिस्किटं करून घ्यायची. धंदा करायचाय ना? मग कणीक मळून बघू दे. तासाभरात पाठ धरेल आणि घराचं नाव काढणार नाही.

रविवारी पहाटे मावशींनी त्याचं दार वाजवलं. "डॉक्टर, उठा! भावी शेजाऱ्यांना गुपित सांगायचंय."

तो खूश. बाह्या सरसावून स्वयंपाकघरात आला. मावशींनी पाच वर्षांतलं जेवढं आठवलं तेवढं सांगितलं आणि त्या भाज्या निवडायला बसल्या. तपासनीसबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा घेऊन बसली. पहिला ट्रे करपला. दुसरा आतून कच्चा निघाला. पण पाठ धरायचं लांबच, माणूस रंगात आला होता! नाकाला पीठ, कपाळाला पीठ. तिसरा ट्रे बाहेर आला, तो रंगाने बरा होता, पण सगळी बिस्किटं पाटासारखी सपाट.

"फुगवटा येत नाही," तो म्हणाला. आवाज खरोखर पडला होता. "मावशी, फुगवटा कसा आणता?"

मावशींनी भाजीत मान घातली. "तो येतो आपला... मनातून."

चौथ्या ट्रेला त्याने मनातून आणायचा प्रयत्न केला. पाचव्याला खालून अंगठ्याने ढकलून बघितलं. काट्याने टोचत होता तर कुठे सहा भोकं, कुठे वीस, आणि एका बिस्किटाची तर चाळणी झाली होती. स्टुलावरच्या बाईचा चहा गार झाला. तिने खिडकीबाहेर पाहिलं, दरी मोजली, हात मांडीखाली दाबून धरले. पण समोर माल बिघडतोय आणि आपण बसून राहायचं, हे तिला बावीस वर्षांत कुणी शिकवलेलं नव्हतं.

"अहो, सरका!" ती उठली. "आच आधी कमी करा. लाटलंत किती जाड! हे एवढं हवं, एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतकं. भोकं चार-चारच्या तीन ओळी. सारख्या अंतरावर. आणि दुसऱ्या ओळीतलं तिसरं सोडून द्यायचं. तिथून वाफ निघत नाही, ती वर उचलते."

ट्रे आत गेला. तिघं ओव्हनच्या काचेसमोर वाकून उभी राहिली. सातव्या मिनिटाला पहिलं बिस्किट मधोमध हललं, आणि मग एकामागून एक गाल फुगवून सगळी वर आली.

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "अय्या! असं असतं होय?"

चष्मेवाल्याने हे ऐकलं नाही. त्याने बायकोचे पिठाचे दोन्ही हात धरले. "तुझ्या हातात आहे! मी म्हणत होतो ना? पहिल्याच ट्रेला! आता मालक आला की डोळे मिटून सही कर."

अशी फसली ती. आपल्याच हाताने. बाहेर फाटक वाजलं, शेजारच्या घराचा मालक कागदांची पिशवी घेऊन, ठरल्या वेळेच्या बराच आधी हजर झाला होता. विकायची घाई असलेली माणसं अशीच येतात.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"का? आता काय अडलं?"

तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी विळी बाजूला ठेवली, उठल्या, आणि कपाटातली पारदर्शक पिशवी काढून स्वतःच ओट्यावर ठेवली. बाई धीराची होती.

"ही आमची बिस्किटं आहेत," तपासनीसबाई म्हणाली. "कारखान्याची. त्यातली मी बाजूला काढलेली. रोलरची एक पिन मोडलीय, म्हणून फुगतात. तुम्ही शुक्रवारपासून तेच खाताय. पुठ्ठा."

चष्मेवाल्याने पिशवीतलं एक काढलं. डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. शेवटी मावशींनी आपला चष्मा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो चढवला, भोकं मोजली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. या वेळात मावशींनी दोनदा "डॉक्टर" म्हणून हाक मारली आणि दोनदा जीभ चावली.

"शनिवारी सकाळची पण?"

"पण."

"मी म्हणालो होतो, मावशींचा स्वभाव उतरलाय."

"हो."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"बावीस वर्षं दुसरं ऐकलं होतं. म्हटलं हेही ऐकू."

आता हा चिडणार, असं दोघींनाही वाटलं. तो खुर्चीत बसला, तिच्या ट्रेमधलं एक खाल्लं, पिशवीतलं एक खाल्लं, स्वतःच्या पाटासारख्यातलं एक तोंडात घातलं आणि खिडकीतून बाहेर थुंकलं.

"त्या माणसाला सांग," तो म्हणाला, "घर नको."

"तुम्हीच सांगा. तुम्हीच बोलावलंय."

तो गेला आणि सांगून आला. मालकाने बरंच ऐकवलं असावं, कारण आत आला तेव्हा कान लाल होते. मावशींना मात्र त्याने शब्द दिला की हे या चार भिंतींबाहेर जाणार नाही. मावशींनी त्याचा भरवसा धरला, पण अकरा भोकांचं गणित आणि दोन नाण्यांची जाडी बायकोकडून कागदावर लिहून घेतली. पिन आज ना उद्या दुरुस्त होणारच होती. चौथी तक्रार सोमवारी जायची होती, आणि ती जाणार नाही असं तपासनीसबाईला कुणी, खुद्द नवऱ्यानेही, सुचवून पाहायची हिंमत केली नाही.

परतीची बस दुपारची होती. वळणं संपून रस्ता सरळ लागला तेव्हा तो म्हणाला, "रोलरनंतर काय असतं?"

"कुठे?"

"तुमच्या कारखान्यात. साच्यातून निघालं की मग कुठे जातं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं, थट्टा नाही याची खात्री केली आणि सांगायला सुरुवात केली. भट्टी किती लांब असते, तिचे पाच भाग कसे असतात, कुठल्या भागात रंग येतो, पट्टा अर्धं मिनिट थांबला तर किती माल जातो. तो "हं", "मग?", "बापरे" करत होता. ती क्रीम भरायच्या विभागात पोचली तेव्हा त्याची मान तिच्या खांद्यावर पडली आणि तो घोरू लागला.

ती थांबली नाही. पुढच्या बाकावरची बाई केव्हाची मागे वळून ऐकत होती.