फाळक्याकडची जागा

त्या रविवारी मंजुळाबाई दारात ज्वारी पाखडत होती आणि तिची लेक द्वारका तिला पेंग्विनचा धडा वाचून दाखवत होती. केजच्या शाळेत शिकवायला लागल्यापासूनची ही सवय. आईला धडा कळला की सहावीच्या वर्गाला कळणारच.

पिसं इतकी दाट, की आतली हवा आतच राहते. कातडीखाली चरबीचा थर. पायांकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, म्हणून बर्फावर उभं राहूनही अंगातली ऊब पायांवाटे निघून जात नाही.

"आन् वारं सुटल्यावर गं?"

"मग हजारोंनी चिकटून उभे राहतात. कडेचे हळूहळू आत सरकतात, आतले कडेला येतात."

सूप थांबलं. "आगं, ह्ये तर आमच्या ट्रकावानीच की!"

द्वारका अकरा वर्षांची होती त्या साली पाऊस झालाच नव्हता. निम्मं गाव ऊसतोडीला सहकारी कारखान्यावर निघालं, उघड्या ट्रकमधून, थंडीतल्या पहाटे. बायकांनी ठरवलं होतं, ट्रक थांबेल तिथं मागच्या फाळक्याकडच्यांनी आत यायचं आणि आतल्यांनी वाऱ्याला बसायचं. जिच्या हातात कोयता तिला पाळी. द्वारकाच्या हातात त्या वर्षी पहिल्यांदा कोयता आला होता. मांजरसुंब्याच्या थांब्यावर तिची पाळी आली, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. तिच्या जागी आई गेली.

"त्या पाखरांत पाळी चुकवणारं कुणी नसंल, न्हाई?" मंजुळाबाई हसून म्हणाली.

आई सहज बोलली, की तिला सगळं ठाऊक होतं? द्वारकानं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात गल्लीत टँकर आल्याची ओरड झाली. मंजुळाबाई घागर घेऊन धावली. मग केजची गाडी आली, आणि बोलणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई चुलीपुढे बसल्या बसल्या गेली.

चौथ्या दिवशी साखराबाई भेटायला आली. त्या ट्रकमध्ये तीही होती. घरात बायका दाटीनं बसल्या होत्या.

"मी म्हणलं, मंजुळे, पोरीला उठीव की, तिची पाळी हाय. तर म्हणती कशी, माझं हाड जाड हाय, मला थंडी न्हाई वाजत. आन् खोकली मातर समदा हंगाम!" साखराबाईनं पदरानं नाक पुसलं. "तुला काय ठावं बाई, तू तर ढाराढूर."

दोघीतिघी ओल्या डोळ्यांनी हसल्या. द्वारकानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"मी जागी व्हते, काकू."

"काय म्हणलीस?"

"झोपले नव्हते मी. ऊब सोडवंना, म्हणून डोळे मिटले. आई उठून वाऱ्याला गेली, ते मी बघितलं."