दोन्ही सेल एकदम

नंदूने डिजिटल डायरीचे दोन्ही सेल एकदम काढले आणि इंदूरच्या मराठी समाजातल्या समस्त उपवर मुली नाहीशा झाल्या.

एक मोठा सेल, एक छोटा. मोठा बदलताना छोट्याने किल्ला लढवायचा, असा त्या यंत्राचा कायदा. दोघांना एकदम सुट्टी दिली की आठवण साफ! नंदूला हे कुठून ठाऊक असणार? मिल बंद पडल्यावर त्याने मल्हारगंजात घड्याळं आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि कॅल्क्युलेटरला एवढे नखरे नसतात.

डायरी होती वधू-वर मंडळ चालवणाऱ्या लक्ष्मीकांतजींची. भाच्याने सिंगापूरहून आणलेल्या त्या चिमुकल्या कीबोर्डवर, एका बोटाने, वर्षभर खपून त्यांनी सगळी स्थळं भरली होती. आणि रविवारी मेळावा.

घाम पुसत नंदूने दिल्लीला, कंपनीच्या सपोर्टला एसटीडी लावला.

"कॅल्क्युलेटर चालतोय?" बाईंनी विचारलं.

"चालतोय."

"वर्ल्ड टाइम? गेम?"

"सब चालू आहे, मॅडम!"

"मग मशीन ठीक आहे," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

कंपनीने आतच घालून दिलेलं सगळं धडधाकट होतं. लंडनला किती वाजले ते डायरी बिनचूक सांगत होती. अन्नपूर्णा रोडवरच्या मंजिरीची रास तेवढी सांगत नव्हती.

लक्ष्मीकांतजींचे डोळे पांढरे झाले. "अरे भिया, ये क्या करून ठेवलंस! आता घरोघर जा आणि रविवारच्या आत सगळं परत भरून आण. नाहीतर तुझ्याकडे कुणी घड्याळसुद्धा देणार नाही, बघच तू!"

"काका, माझीपण एंट्री होती त्यात."

"तुझी तोंडपाठ आहे," म्हणत त्यांनी तिथेच एका बोटाने टाइप केलं: नंदू, मिलवाला, मिल बंद. खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. मिलला टाळं लागल्यापासून एकाही घराने त्याला मुलगी दाखवली नव्हती.

पण आता मजाच झाली. इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण दारात उभा राहून मुलीची जन्मवेळ विचारतोय म्हटल्यावर घरोघरी पोहे-जिलेबी येऊ लागली. तो खुलासा करेपर्यंत बशी रिकामी झालेली असे. एका घरी तर मुलीने गाणंही म्हटलं.

शनिवारी तो मंजिरीकडे पोचला. ती शाळेत शिकवायची. तिने दारातच विचारलं, "मुलगा तुम्हीच का?"

"नाही हो, मी दुरुस्तीवाला. मीच उडवलं सगळं. आधी मिलमध्ये होतो, तीही बंद पडली."

इतकं खरं बोलणारा माणूस त्या घरी पोहे खायला आजवर आला नव्हता. मंजिरी खळखळून हसली.

"उंची?" नंदूने डायरी उघडली.

"दिसत नाही का?"

"मला दिसते. मशीनला नाही दिसत."

"आणि माझी माहिती भरलीच नाही तर?"

"लक्ष्मीकांतजी मला सोलून काढतील."

"मग घ्या सोलून," म्हणत तिने पोह्यांवर आणखी जीरावन मसाला भुरभुरला. नंदूच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत सायकल पार राजवाड्याला पोचली होती. तिथून त्याने ती जी वळवली, ती थेट मंजिरीच्या फाटकात थांबली.

रविवारी मेळाव्याच्या दारातच लक्ष्मीकांतजी डायरी तपासायला लागले. सगळ्या मुली जागच्या जागी. मग बोट अडलं. "मंजिरी कुठाय? पुन्हा उडवलीस?"

नंदू चपलांकडे बघत राहिला. मागे आईबरोबर उभी असलेली मंजिरी मात्र खुशाल हसत होती.

लक्ष्मीकांतजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा याच्याकडे. मग त्यांनी 'नंदू, मिलवाला, मिल बंद' शोधून काढलं आणि पुसायचं बटण दाबलं. नक्की पुसू का, असं मशीनने विचारलं.

"पूछता क्या है!" म्हणत त्यांनी त्याच एका बोटाने बटण पुन्हा दाबलं.