उष्टी हळद

चुलीवर न्हाणाचं पाणी ठेवून प्रमिला माजघरात आली, तर पाळणा रिकामाच हलत होता.

कालच तिच्या तान्ह्या कुंदीचा ताप उतरला होता. ती तशीच परसात धावली. सासूबाई, सत्यभामाबाई, उन्हात पाट टाकून बसल्या होत्या. मांडीवर उघडीवाघडी कुंदी.

"आत्याबाई, वारं लागेल तिला!"

"उन्हात तं बसून राह्यली नं ते," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी त्या एवढं बोलल्या. प्रल्हादचं पत्र आल्यापासून घर मुकं झालं होतं. धाकटा दीर जर्मनीत इंजिनीअर. तिथल्याच क्रिस्टाशी, तिच्या गावच्या चर्चमध्ये, त्याला लग्न करायचं होतं. पण आईनं हो म्हटल्याशिवाय फादरना तारीख सांगणार नाही, असं त्यानं वहिनीला लिहिलं होतं. सासरे उकंडराव "तुमचं तुम्ही पाहा" म्हणून शेतावर मोकळे झाले. राहिली प्रमिला. अमरावतीच्या कॉलेजात तिच्या वर्गात दोन ख्रिस्ती मुली होत्या, तेवढ्या भांडवलावर तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. नवरी पांढऱ्या झग्यात बापाचा हात धरून येते, नवरदेव पुढं वाट पाहत उभा असतो, मग अंगठ्या. सासूबाई भाकरी थापत ऐकत होत्या. एकदाच त्यांनी विचारलं,

"अन् हळद?"

"हळद नसते त्यांच्यात."

त्यावर त्यांनी परात उगाच दोनदा झाडली होती. तो नकारच, असं प्रमिलानं धरलं होतं. कुंदी झाल्याचं कळताच इवले लोकरीचे मोजे धाडणाऱ्या भाऊजींना नकार आता आपल्याच हातानं कळवायचा!

ती जवळ गेली आणि थबकली. सासूबाईंच्या शेजारी हळदीची वाटी होती. आंब्याच्या पानानं त्या कुंदीचे पाय, गुडघे, खांदे, कपाळ असं माखत चालल्या होत्या. पोरगी पान तोंडात घालायला बघत होती.

"आत्याबाई, ही तर नवरदेवाला लावतात तशी..."

"नवरदेव इथं नाही. मंग कोनाले लावू? तुह्या सासऱ्याले?"

"पण ही मुलगी ना!"

"असू दे. नाक त्याचंच हाय. रडनंबी त्याचंच. तोबी असाच गाव गोळा करे."

कुंदी शिंकली. प्रमिलाचा हात पदराशी गेला आणि तिथंच थांबला.

वाटीच्या तळाशी थोडी हळद उरली होती. सासूबाईंनी ती बोटानं निपटून बशीत पसरली, बशी उन्हात सरकवली.

"ओली धाडली तं बुरशी येईन. वाळली का पुडी बांध."

"कोणाला धाडा..." म्हणता म्हणता प्रमिलानं बशीकडं पाहिलं. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडं जाते, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

"आई हाय नं तिले तिकडं?" सासूबाई हात पुसत म्हणाल्या. "तिनं लावली तं चालते. पन आदल्या दिवशी लावा म्हना, अन् जराशीच. पांढऱ्या कपड्याले डाग लागते."

कुंदीला सुनेच्या हाती देऊन त्या उठून आत गेल्या. आतून चुलीवरचं पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता. बशीशेजारी एक चिमणी उतरली. पिवळ्याधमक कुंदीला तशीच मांडीवर घेऊन प्रमिला पाटावर बसली आणि तिनं चिमणीला हाकललं.