खाली न येणारी माणसं

भोंगा वाजला की सगळी इमारत तळघरात उतरायची. उतरायच्या नाहीत त्या फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई. गुडघे दुखतात, म्हणायच्या. त्यांची धाकटी सून, जिला सगळे धाकटीच म्हणत, समजावून समजावून थकली होती. तिचा नवरा रुग्णवाहिका चालवायचा, त्यामुळे भोंगा झाला की तो घराबाहेर. दोघा शेजाऱ्यांना बोलावून उचलून नेऊ म्हटलं, तर सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो विषयच संपला. शेवटी धाकटीने हात टेकले. तीही वरच थांबायची आणि प्रत्येक धमाक्याला जीव मुठीत धरून बसायची.

धाकटी समाजशास्त्र शिकलेली, अभिलेखागारात नोकरीला. मागच्या युद्धात, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी, काही संशोधकांनी शहरभर निरीक्षक पाठवले होते. ते दुकानांपुढच्या रांगेत उभे राहत, लोकांच्या स्वयंपाकघरात बसत, आणि माणसं काय बोलतात, काय खातात, कशाला घाबरतात ते लिहून काढत. त्या अहवालांचे गठ्ठे वर्षानुवर्षं अभिलेखागारात धूळ खात पडले होते. आता एकदम त्यांना भाव आला. नागरी संरक्षण खात्याचे साहेब स्वतः येऊन तिच्यासमोर बसले. शहरातली तळघरं अर्धी रिकामी राहत होती आणि वर राहिलेली माणसं मरत होती. लोक बेफिकीर आहेत, त्यांना दंड ठोकल्याशिवाय ते हलणार नाहीत, असं साहेबांच्या मनाने घेतलं होतं. मागच्या वेळी सक्तीचा उपयोग झाला होता असा दाखला त्यांना हवा होता, तोही शनिवारच्या बैठकीआधी.

धाकटी वाचायला बसली. सक्तीबद्दल थोडंफार सापडलं, पण ती अडकली भलतीकडेच. एकाच घराबद्दलचे दोन अहवाल होते. सरकारी माणसाने दारात उभं राहून खाली का येत नाही म्हणून विचारलं, तेव्हा त्या घरातली बाई म्हणाली होती, मुलाला सर्दी झालीय. पुढच्या आठवड्यात एक निरीक्षक बाई तिच्याबरोबर कपडे वाळत घालत होती. निरीक्षक बाईने काहीच विचारलं नाही, तर घरातल्या बाईने आपणहून सांगितलं की खाली सगळे मुलाच्या फाटक्या कपड्यांकडे बघतात. पुढची पानंही तशीच. कोणाला आपल्या खोकल्याची लाज, कोणाचा जावेशी अबोला. दारात एक कारण, आत दुसरंच.

वाचता वाचता धाकटीच्या ध्यानात आलं: सासूबाईंना आपणही रोज दारातल्या माणसासारखंच विचारत होतो की!

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. तीही समोर बसून सोलू लागली, आणि भोंगा वाजला. जिन्यात धावाधाव झाली, दारं आपटली, मग चिडीचूप. 'चला' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता, तो तिने गिळला. लांब कुठेतरी पहिला धमाका झाला. दुसरा जवळ. फळीवरची भांडी किणकिणली. आपण शहाणपणाच्या नादात म्हातारीचा जीव घालवतोय का, हे तिला कळेना. दाणे ताटलीबाहेर पडत होते.

"तू जा खाली," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्याशिवाय नाही. तशीही तिथे घुसमट होते मला."

सासूबाईंनी एक शेंग सोलली. मग खाली बघतच म्हणाल्या, "घुसमटीचं काही नाही गं. पहिल्याच दिवशी माझे कपडे ओले झाले तिथे."

धाकटीने मान वर केली नाही. सोलत राहिली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तळघरात संडास एकच, तोही पार टोकाला. दाराची कडी तुटलेली, आणि दाराला टेकूनच पुरुषमंडळी दाटीवाटीने बसलेली. त्यांच्यामधून वाट काढत जायचा सासूबाईंना धीर होईना. उठताना इमारतीतल्याच शिंप्याच्या बायकोने पाहिलं, अशी त्यांची खात्री होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणाल्या.

एवढ्यात मागच्या गल्लीत बॉम्ब पडला. खिडकीची काच फुटून आत उडाली. दोघी कधी जमिनीवर पडल्या ते त्यांनाच कळलं नाही. धाकटीच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. ते पाहून सासूबाई धडपडत उठल्या आणि त्यांनीच तिचा हात धरला.

"आई, मी चादर घेते. दारापुढे धरून उभी राहते."

"आणि तो शिंपी?"

"त्याला भिंतीकडे तोंड करायला लावते."

तसल्या वेळीही सासूबाईंना हसू फुटलं. भिंतीला धरून, एकेका पायरीवर थांबत त्या उतरल्या.

शिंप्याच्या बायकोने सरकून जागा दिली आणि धाकटीचं कपाळ पुसलं. त्या पहिल्या दिवशी तिने काहीही पाहिलेलं नव्हतं. चादरीकडे बघून ती कुजबुजली, "बरं केलंत. मी तर इथे संडासला जावं लागेल या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाही."

शिंप्याने दुसऱ्याच दिवशी जाड कापडाचा पडदा शिवला आणि कडीही ठोकली. धाकटीने साहेबांसाठी जुने अहवाल उतरवून काढले आणि सासूबाईंना विचारून त्यांची हकीकतही जोडली, नाव न घालता. सासूबाईंची एकच अट होती. गुडघ्यांचंही लिही, म्हणाल्या, ते काही खोटं नाही.

साहेब वाचून वैतागले. "मी दंडाचं विचारलं, तुम्ही संडासाचं लिहिलंत. ही बाई कोण?"

"ते मी सांगणार नाही, साहेब. नाव सांगितलं तर उद्या कोणी बोलायचं नाही."

साहेबांनी कागद पुन्हा हातात घेतला. बैठकीत दंड ठरला तो ठरलाच. पण त्या हुकुमाच्या खाली तळघरांतल्या संडासांना कड्या आणि आडोसे करायची एक ओळ आली. काही ठिकाणी ते झालं, काही ठिकाणी नाही.

पुढचा भोंगा सकाळी झाला. सासूबाई कुरकुरत उतरल्या, पडद्याचा रंग त्यांना पसंत पडला नाही. वर धमाके सुरूच होते आणि छतातून माती गळत होती. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि शिंप्याच्या बायकोच्या हातात दिली.

"पी," त्या म्हणाल्या. "मी उभी राहते पडद्याशी."