वर्तणुकीचा रकाना

सत्तावीस वर्षं शाळेत कारकुनी केली मी. एवढ्या वर्षांत कुणी कौतुक केलं असेल तर ते माझ्या अक्षराचं. मोत्यासारखं, म्हणायचे. म्हणूनच निवृत्त झाल्यावर मित्रांनी पावतीपुस्तक माझ्या गळ्यात मारलं. शाळा सुटलेल्या, भरकटायला लागलेल्या पोरांसाठी संध्याकाळी वायरिंगचा वर्ग काढायचा होता आणि जागेच्या भाड्यासाठी वर्गणी जमवायची होती. प्रवेशाचा अर्जही मीच लिहून छापून घेतला.

वर्गणीसाठी फिरताना एका चाळीत शिरलो. तिसऱ्या मजल्यावर कपडे इस्त्री करणाऱ्या बाईंचं दार उघडंच होतं. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. पोरं वाया जातात, आपण हात द्यायला नको का, वगैरे. बाईंनी इस्त्री उभी केली, सगळं ऐकलं आणि डब्यातून नोट काढून दिली. मग हळूच विचारलं, "माझी मुलगी चालेल का? सतरा वर्षांची आहे. दोन वर्षं घरी बसलीय. हल्ली कुणाबरोबर फिरते, विचारायची सोय नाही."

"अहो, चालेल काय, धावेल!" मी अर्ज पुढे केला.

बोट फिरवत त्यांनी तो वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. 'चांगल्या वर्तणुकीचा शाळेचा दाखला जोडावा.' जन्मभर प्रत्येक अर्जात घातलेली ओळ. हाताला सवय, दुसरं काय!

"मग राहू द्या," म्हणत त्यांनी कपाटातून दाखला आणला. "हा बघून तीन शाळांनी परत पाठवलं."

वर्तणूक: उद्धट. अक्षर मोत्यासारखं.

माझंच. दोन वर्षांपूर्वी घर बदललं म्हणून ही पोर आमच्या शाळेत दाखला न्यायला आली होती. मैत्रिणीच्या कानात 'उंदीरमामा' म्हणाली. अख्खी शाळा मला तेच म्हणायची, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मुख्याध्यापक न वाचता सही करतात, हे मला पक्कं माहीत होतं. पंधरा वर्षांच्या पोरीवर सूड उगवला मी, आणि वर निवांत चहा पिऊन घरी गेलो!

"बाई, हे मीच लिहिलंय."

"माहीत आहे. तुम्ही जिना चढत होतात तेव्हाच पोरीने ओळखलं. आत जाऊन बसलीय."

"आणि तरी वर्गणी दिलीत?"

"ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतले सगळे अर्ज काढून उंबऱ्यातच बसलो आणि एकेका अर्जावरची ती ओळ खोडली. एक अर्ज आतल्या बंद दाराखालून सरकवला. "पोरी, चुकलं माझं," म्हणालो.

मग वर्गणीची पावती लिहिली, अक्षर वाकडंतिकडं आलं. कशीबशी फाडून बाईंना दिली.

तेव्हा आतून आवाज आला, "आई, काय लिहिलंय ते नीट वाचून घे."