शेजारची सीट

गुरुवार आमच्याकडे बादलीने सुरू व्हायचा. सकाळी सहाला कोमट पाणी, त्यात बिट्टीचा प्लास्टरमधला पाय, आणि मी स्टुलावर वाकून ते प्लास्टर थराथराने सोडवतेय. बिट्टी तेव्हा अडीच महिन्यांची. तिचं उजवं पाऊल जन्मापासून आत वळलेलं होतं. दर गुरुवारी डॉक्टर ते थोडंसं बाहेर वळवायचे आणि तिथेच प्लास्टरने धरून ठेवायचे. असे सात गुरुवार लागणार होते. जुनं प्लास्टर घरी भिजवून काढायचं आणि नवं त्याच दिवशी बसलं पाहिजे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. "उघडं राहिलं की पाऊल जुन्या जागेकडे निघतं. मग आपणही मागे."

डॉक्टर त्या दवाखान्यात फक्त गुरुवारी यायचे, तेही एक वाजेपर्यंत. दवाखाना घरापासून तीन तासांवर. गाडी मी चालवायचे.

पहिल्या गुरुवारी नवरा आला होता. येताना अर्धी वाट मी चालवली, तर घरी आल्यावर तो म्हणाला, "माझ्यापेक्षा बरी चालवते हो ही." त्या कौतुकातच माझी नेमणूक झाली. गुरुवारी दुकानात कापडाचे तागे यायचे आणि शिलाईच्या मशीनवर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, हेही खरंच. मागे बिट्टीजवळ सासूबाई बसायच्या.

दुकान सासऱ्यांचं. बाबा गाड्यांच्या सीट बनवतात, नुसती कव्हरं नव्हेत. ज्यांचा दिवस स्टिअरिंगमागे जातो अशी माणसं त्यांच्याकडे दुखरी पाठ घेऊन येतात आणि पाठीच्या मापाची सीट घेऊन जातात. मापासाठी एक बाक आहे. त्याच्या पाठीच्या फळीत चौदा सरकत्या खुंट्या आहेत. माणूस टेकला की पाठीच्या आकाराप्रमाणे खुंट्या मागे सरकतात. पण माप लगेच घ्यायचं नाही, आधी दहा मिनिटं गप्पा मारायच्या, हा बाबांचा नियम. "सुरुवातीला सगळेच ताठ बसतात, वर्गात मास्तर आल्यासारखे. खरी पाठ दहा मिनिटांनी बाहेर पडते." मग ते मागे उभे राहून एकेक खुंटी वाचतात आणि मी वहीत लिहिते. लग्नापासून तीन वर्षं ती वही माझ्याकडे आहे. "सून शिकलेली आहे, अक्षर बघा," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगतात. शेवटच्या रकान्यात सीट कुठली ते लिहायचं. चालवणाऱ्याची असेल तर 'चा', शेजारची असेल तर 'शे'.

आमच्या गाडीतली चालवणाऱ्याची सीट म्हणजे बाबांची मिरवायची वस्तू. ती नवऱ्याच्या मापाची, आणि नवरा सहा फुटांच्या वर. नवीन गिऱ्हाईक आलं की बाबा आधी त्याला गाडीचं दार उघडून ती सीट दाखवतात. नवऱ्याच्या कंबरेला आधार देणारा उंचवटा माझ्या पाठीत चांगला वीतभर वर टोचतो. माझी कंबर जिथे येते तिथे त्याच्या सीटला खळगा आहे. सीट मागेपुढे सरकते, पण उंचवटा थोडाच खाली सरकतो! बाळंतपणानंतर माझी कंबर आधीच अर्धी गेलेली. तीन तास जायचं, तीन तास यायचं, आणि सगळा वेळ कंबर हवेत.

तिसऱ्या गुरुवारी मी टॉवेलची गुंडाळी करून कंबरेमागे ठेवली. जरा बरं वाटलं. घरी आल्यावर ती काढायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी ती गिऱ्हाइकासमोर पाहिली. संध्याकाळी टॉवेल माझ्या पुढ्यात टाकून म्हणाले, "माझ्या सीटवर टॉवेल? हलवायाने घरी बाहेरची मिठाई आणावी तसं झालं हे. लोक काय म्हणतील?"

"बाबा, मला तिथे टेकता येत नाही."

"टेकता न येणारी सीट मी अजून बनवली नाही."

"तुम्ही ती ह्यांच्यासाठी बनवलीत. माझी उंची बघा ना."

नवरा मशीनवरून म्हणाला, "अगं, दोन उशा घे खाली. उंच होशील." आणि स्वतःच हसला.

चौथ्या गुरुवारी परत आल्यावर मला गाडीतून सरळ उभं राहता येईना. दार धरून मी वाकूनच राहिले. बिट्टीला सासूबाईंनी आत नेलं. आता हिला उचलायचं कसं, आणि आपण मध्येच कोलमडलो तर तिच्या पायाचं काय? मी तशीच दुकानात गेले.

"बाबा, माझं माप घ्या. अजून तीन गुरुवार आहेत. मला पाठ पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. मन त्यांचं वाईट नाही, हे सांगितलं पाहिजे. "बस," म्हणाले. "आधी का नाही बोललीस? घरच्या माणसाला कधी नाही म्हटलंय मी?"

मी बाकावर बसले. दहा मिनिटं आम्ही बिट्टीविषयी बोललो. ती रडताना कुणासारखी दिसते यावर आमचं एकमत झालं नाही. मग ते मागे गेले आणि आकडे सांगू लागले. लिहायला नेहमीचीच मी होते. वही मांडीवर घेऊन मी स्वतःच्या पाठीचे चौदा आकडे लिहिले. कंबर दुखत होती, आत बिट्टी रडत होती, लक्ष तिकडे.

पाच दिवस बाबांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. मला दुकानात येऊ दिलं नाही. बुधवारी दुपारी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं आणि दार उघडलं. शेजारचं.

नवी करडी सीट. कडेला दुहेरी शिलाई, कंबरेला भरीव उंचवटा, मानेला उशी. काय देखणी होती ती!

"बस की! बघत काय राहिलीस?"

मी बसले. पाठीला कुणीतरी तळहात लावून धरावं तसं झालं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच माझे खांदे आपोआप खाली आले. डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं, असं सगळ्यांनी धरलं.

"बाबा," मी म्हणाले, "पण गाडी मी चालवते."

मग बाबा म्हणाले, "म्हणजे?"

"दवाखान्यात मीच नेते ना तिला. मी पलीकडे बसते. ही सीट तर रिकामीच जाते."

"वहीत शेजारची आहे." त्यांचा आवाज चढला. "तूच लिहिलंयस. आण ती वही."

वही आली. चौदा आकडे, आणि शेवटी माझ्या त्या कौतुकाच्या अक्षरात 'शे'. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. माप बाईचं होतं, म्हणून हाताने लिहून टाकलं. पुरुष आला की 'चा', बाई आली की 'शे'. तीन वर्षांत मी एकीलाही विचारलं नव्हतं, की बाई, गाडी चालवतं कोण.

"आता यात माझी काय चूक?" बाबांनी सगळ्यांना विचारलं. मी वही मिटली.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. सात प्लास्टरं झाली की आपण कुठेतरी लांब फिरायला जाऊ. तेव्हा बस मस्त."

पाचव्या गुरुवारी प्लास्टर सुटलं. पाऊल इतकं सरळ दिसत होतं की सासूबाईंनी त्याचे मुके घेतले. साडेसातला निघालो. नव्या सीटवर बिट्टीच्या लंगोटांची पिशवी ठेवली होती. पट्टा लावला नाही म्हणून गाडी ओरडत होती, तेव्हा मी पिशवीलाच पट्टा लावला. सासूबाई मागून म्हणाल्या, "पिशवीची चैन आहे बाई!"

दोन तास कसेबसे गेले. मग एका चढावर गिअर बदलायला क्लचवर पाय दाबला आणि कंबरेत उसण भरली. भरली म्हणजे कुणी खिळा ठोकावा तशी. श्वास अडकला. गाडी कशी कडेला घेतली ते मलाच ठाऊक. दार उघडून, गाडीला धरधरून, मी पलीकडे गेले, पिशवी खाली टाकली आणि त्या नव्या सीटवर पडले.

दुखणं ओसरलं. लगेच, पाच मिनिटांत. पाठीला जिथे जे हवं ते तिथे होतं. मी उठून पुन्हा चालवायच्या जागी जाऊन बसले, पाय दाबला, की पुन्हा खिळा. पुन्हा पलीकडे. असं तीनदा केलं. चौथ्यांदा मला उठताच येईना.

सासूबाईंनी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, कुणाच्या तरी गाडीतून निघतो. घड्याळात दहा वाजले होते. मी हिशेब केला, पुन्हा केला. कसाही केला तरी एक वाजून जात होता. दवाखान्यात फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, "डॉक्टर थांबत नाहीत हो, त्यांना पुढे दुसरीकडे जायचं असतं."

सासूबाई गाडी चालवत नाहीत. बिट्टीला मांडीवर घेऊन त्या रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली ह्यांचं दुकान बघतेय. माझं माप कधी घेतलंच नाही त्यांनी."

"मागितलं होतं तुम्ही?"

"मी मागे बसते गं. मागच्यांचं माप घेत नाहीत."

मी मान वळवून बिट्टीच्या पावलाकडे बघत होते. ते हळूहळू आत वळतंय असं मला दर मिनिटाला वाटत होतं. इतक्या लवकर वळत नसणार, हे मला कळत होतं. तरी बघत होते. फोन वाजला. बाबा होते.

"कशी आहे?"

"उसण आहे, बाबा. हलता येत नाही."

"ते कळलं. सीट कशी आहे, विचारतोय. कंबरेला लागतेय ना बरोबर?"

"लागतेय," मी म्हणाले.

नवरा पोचला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तिथून दवाखाना अजून तासभर. आम्ही गाडी वळवली. तो आठवडाभर बिट्टीचं पाऊल उघडं होतं. मी दिवसातून दहा वेळा ते हातात घेऊन हळूच बाहेर वळवून धरायचे. सोडलं की ते आपल्या जागी जायचं.

पुढच्या गुरुवारी नवऱ्याने दुकान बंद ठेवलं. डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसऱ्या प्लास्टरपासून धरू."

दोन गुरुवारांचं काम पाण्यात. त्या दोन प्लास्टरांत ती किती रडली होती ते मी ऐकलेलं होतं.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "तरी नशीब, शेजारची सीट केली होती. नाहीतर हिने रस्त्यात पडायचं कुठे?" हे ते मनापासून म्हणाले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकालाही त्यांनी तेच सांगितलं. त्याने लगेच बायकोचं माप द्यायचं ठरवलं. ती आली, बाकावर बसली, दहा मिनिटं बोलली. शेवटच्या रकान्यापाशी मी पेन उचललं.

"गाडी चालवता का तुम्ही?"

"रोज," ती म्हणाली. "मुलांना शाळेत सोडते, मग ऑफिस. चाळीस मिनिटं."

तिचा नवरा हसला. "अहो, ते काय चालवणं! लांब जातो तेव्हा मीच असतो. शेजारचीच करा."

बाबा म्हणाले, "लिही." मी त्या बाईकडे पाहिलं. ती पर्सची चेन लावत होती. मी रकाना कोरा ठेवला. रात्री बघितलं, तर तिथे बाबांच्या अक्षरात 'शे' होतं.

उरलेल्या चार गुरुवारांचं काय, हे मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चार चार दिवस दुकान बंद ठेवू? आता बरी आहेस ना तू?"

बुधवारी दुपारी बाबा आणि नवरा जेवायला घरात गेले. मी बिट्टीला सासूबाईंकडे दिलं, पक्कड घेतली आणि गाडीत शिरले. तीन वर्षं मी नुसते आकडे लिहिलेले नाहीत. सीट उघडते कशी तेही पाहिलंय. पाठीचं कव्हर खालून चेनने बंद असतं, आत आठ क्लिपा. दोन्ही सीटचे सांगाडे सारखेच, फक्त आतली गादी वेगळी. माझी गादी शेजारून काढली, नवऱ्याची चालवायच्या जागेवरून काढली, आणि अदलाबदल केली. शेवटच्या क्लिपेने अंगठा फाटला. करड्या कापडावर रक्ताचा डाग पडला. तो अजून आहे.

वर बघितलं तर दारात बाबा उभे.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"नमुन्याची सीट होती ती माझी. उद्या गिऱ्हाइकाला काय दाखवू?"

"शेजारची दाखवा," मी म्हणाले. "लोक तीच मागतात."

त्यानंतर ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. वहीही माझ्याकडून गेली. आता नवरा लिहितो. वाईट अक्षरात, पण रकाने बरोबर भरतो.

गुरुवारी सहाला बादली, साडेसातला गाडी. त्या चढावर मी श्वास रोखून पाय दाबला. काही झालं नाही. तीन तास पाठीने हूं की चूं केलं नाही. चौदाच्या चौदा खुंट्या बरोबर वाचल्या होत्या म्हाताऱ्याने. असलं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी चौथं प्लास्टर घातलं. दुसऱ्यांदा चौथं. बिट्टी पहिल्यापेक्षा मोठी झाली होती, आणि रडलीही मोठ्याने.