तिसरा रंग

चूक बुद्धप्रियाची होती, पण शुक्रवारी दुपारपर्यंत हे खुद्द तिलाही ठाऊक नव्हतं. तोवर अख्ख्या कारखान्याने ती सिद्धाप्पाच्या माथी मारली होती, आणि सिद्धाप्पाने ती कबूलही करून टाकली होती.

सिद्धाप्पा हा सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या त्या चादरींच्या कारखान्याचा रंगमास्तर. कोणत्या डिझाइनला कोणत्या रंगाचं सूत, कोणत्या क्रमाने, हे त्याने सांगायचं आणि विणकरांनी मुकाट ऐकायचं, असं छत्तीस वर्षं चाललं होतं. मागच्या दिवाळीनंतर त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच सुमारास मालक श्रीशैल शेठनी बुद्धप्रियाला कामावर घेतलं, आणि रंग सिद्धाप्पाच्या डोक्यातून निघून संगणकात गेले.

तिने बनवलेला प्रोग्रॅम दिसायला झकास होता. टेंभुर्णीच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानात बसून डिझाइन उघडायचं, आठ रंगांच्या यादीतला नको तो बदलायचा, आणि ऑर्डर पाठवून द्यायची. सिद्धाप्पानेही आता पडद्यावरची यादी बघून चिठ्ठी लिहायची आणि सूत काढून द्यायचं. शेठना वाटलं, आपण पुण्या-मुंबईच्या बरोबरीला आलो. माणसाला असं वाटायला फारसं काही लागत नाही.

महिन्याभरात गडबड झाली. कारखान्याचं जे सगळ्यात जुनं डिझाइन, त्याचा तिसरा रंग डाळिंबी. साठ चादरी विणून आल्या त्या मोरपंखी. सिद्धाप्पा म्हणाला, पडद्यावर मोरपंखीच होतं. शेठनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांदेखत डिझाइन उघडलं. तिसरा रंग डाळिंबी. सगळ्यांनी एकदा सिद्धाप्पाच्या चष्म्याकडे बघितलं, एवढंच. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा सिद्धाप्पाने वादही घातला नाही. "डोळं गेलं मालक," एवढंच म्हणाला. एक तारखेपासून त्याने घड्या घालायच्या खात्यात बसायचं ठरलं. तिथे रंग ओळखावे लागत नाहीत.

आता शुक्रवार. बुद्धप्रिया आपल्या जागेवर डिझाइन उघडून काही तपासत होती. तिने तिसरा रंग हळदी केला. पलीकडच्या टेबलावर पाठवणीचं काम बघणारी राजश्री ओरडली, "अगं, माझ्या इथं हळदी कसा काय आला? मी तर हातबी लावला न्हाय की!"

बुद्धप्रिया उठून तिच्या पडद्यापाशी गेली. मग परत आपल्या जागी आली, तिसरा रंग काळा केला, आणि राजश्रीला फक्त "बघ" म्हणाली. काळा झाला होता.

आता तिला उमगलं. मूळ यादी सर्व्हरवर सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवलेली होती. तिथून प्रत्येकाला नक्कल मिळावी आणि त्याने आपला बदल आपल्या नकलेत करावा, असं तिच्या मनात होतं. नक्कल करायचं लिहायलाच ती विसरली होती. प्रोग्रॅम ज्याच्या त्याच्या हातात मूळ यादीच देत होता. टेंभुर्णीत एकाने तिसरा रंग बदलला की सोलापुरात सिद्धाप्पाचाही बदलत होता. रोज सकाळी सर्व्हर नव्याने सुरू झाला की मूळ रंग आपोआप परत येत. म्हणून शेठनी सकाळी उघडलं तेव्हा डाळिंबी होता. तिने प्रोग्रॅम शंभरदा तपासला होता, पण दरवेळी एकटीने. एकटं माणूस स्वतःशी कधी भांडत नाही.

दुरुस्ती तीन ओळींची होती. नक्कल घे, तिच्यातला तो एक रंग बदल, ती ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत ठेव. दहा मिनिटं लागली. कुणाला कळणारही नव्हतं, आणि बुद्धप्रियाला कायम करण्याचं पत्र सोमवारी निघायचं होतं. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी ती शेठकडे गेली आणि सगळं सांगून बसली. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं न्हवं दुरुस्त? मग सोड की. व्यापाऱ्यांस्नी कळलं तर ऑर्डरी कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारा बी तयार झालाय, त्याची काय तक्रार न्हाय." मग म्हणाले, "सोमवारी तुझं पत्र हाय. ध्यानात ठेव."

ती तिथून सरळ सुताच्या गोदामात गेली. सिद्धाप्पा कांड्या लावून ठेवत होता, दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला.

"मामा, चूक तुमची नव्हती. माझी होती," ती म्हणाली, आणि मग समजावू लागली. "नमुन्याचा तुकडा ज्याला त्याला वेगळा कापून द्यायचा असतो ना, मी एकच तुकडा सगळ्यांच्या हातात दिला. एकाने रंगवला की सगळ्यांचा रंगायचा."

सिद्धाप्पाने हातातली कांडी खाली ठेवली. "म्हंजी त्या दिशी मोरपंखीच हुता?"

"मोरपंखीच होता मामा. दोन्ही वेळेला."

"दोन्ही येळंला," तो म्हणाला, आणि पोत्यावर बसला. बुद्धप्रियाला वाटलं, आता हा शिव्या घालणार, आणि घालाव्याच असं तिला मनापासून वाटत होतं. तो खिसा चाचपत होता.

"मंगळवारी डाक्टरकडं गेल्तो. तो म्हनला, डोळं ठणठणीत हायती. तवा मी लई भ्यालो. डोळं बरं, आन् मोरपंखी दिसतंय. म्हंजी डोस्कंच चाललं की. थोरल्या भावाचं असंच झाल्तं, शेवटी वळखंना कुणाला."

त्याने खिशातून चौघडी केलेला कागद काढून तिला दिला. वर घराचा पत्ता. खाली त्याच्या वळणदार अक्षरात: गौरम्मा, बायको. मग दोन मुलींची नावं, जावयांची, नातवंडांची, कोण कुणाचं ते कंसात लिहिलेलं.

"इसरलो तर आसावं म्हनून," सिद्धाप्पा म्हणाला.

बुद्धप्रियाने कागद वाचला आणि तिला रडू आलं. शेठ काय म्हणाले, पत्राचं काय, हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण त्याला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. रंगखातं परत मिळेल का, हेही त्याने विचारलं नाही.

"पोरी, येक काम करशील?" तो म्हणाला. "घरला चल. गौरम्माला तू सांग. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाय."